भाजीला जाळी लावायची तर आधी भोकाचं माप बघा

पुण्यात कुठल्याही सोसायटीच्या गच्चीवर जा, हिरवी नेट ताणलेली दिसेल आणि तिच्याखाली आकसलेल्या पानांचा टोमॅटो, आणि मालक सांगत असतो की नेट लावूनपण कीड येतेच राव, सगळी फसवाफसवी आहे. फसवाफसवी काही नाही, ती नेट किडीसाठी बनवलेलीच नसते. हिरवी शेडनेट फक्त ऊन कमी करते, दुकानदार ५० टक्के देऊ की ७५ असं विचारतो ते सावलीचं प्रमाण, आणि तिची वीण इतकी सैल असते की पांढरी माशी आरामात आरपार जाते. वर जास्त सावलीत टोमॅटो-मिरचीची झाडं लांबुडकी आणि लेचीपेची होतात ते वेगळंच.

किडीची जाळी वेगळी असते. रंगाने पांढरी, एचडीपीई प्लास्टिकच्या बारीक एकेरी धाग्यांची उभी-आडवी विणलेली, उन्हाने लवकर ठिसूळ होऊ नये म्हणून त्यात यूव्हीला टिकणारा माल घातलेला. दुकानात हिला इन्सेक्ट नेट म्हणतात, काही जण अँटी व्हायरस नेटपण म्हणतात. मार्केटयार्डाच्या बाजूला शेतीसामानाच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं तरी हा संवाद कानावर पडतोच:

"दादा, इन्सेक्ट नेट आहे का?"

"आहे की. किती मेश देऊ, चाळीस का पन्नास?"

"जी जास्त खपते ती द्या."

इथेच घोळ होतो. जास्त खपते ती कुणाच्या तरी दुसऱ्याच्या पिकासाठी खपत असते, तुमच्याकडे कुठली कीड येते त्यावर मेश ठरतो.

मेश म्हणजे एका इंचात किती धागे. हिशोब सोपा आहे, एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्यात ४० धागे म्हणजे एका धाग्याला आणि त्याच्या शेजारच्या भोकाला मिळून साधारण ०.६३ मिमी, त्यातून धाग्याची स्वतःची जाडी ०.२ ते ०.२५ मिमी वजा करा, उरलं जवळपास ०.४ मिमीचं भोक. ५० मेशला तसाच हिशोब केला की ०.३ मिमीच्या आसपास येतं. आता समोरची पार्टी बघू. पानात वेडीवाकडी पांढरी रेघ काढणाऱ्या नागअळीची माशी अडवायला भोक ०.६ मिमीचं असलं तरी पुरतं, पांढऱ्या माशीला साधारण ०.४५ च्या आत लागतं, माव्याला ०.३४ आणि फुलकिड्यांना, म्हणजे थ्रिप्सना, ०.१९. म्हणजे ४० मेश पांढऱ्या माशीपुरती ठीक, ५० मेश माव्यालाही थांबवते, आणि थ्रिप्स मात्र दोन्हीतून जातात. ५० मेशने थ्रिप्सची संख्या कमी होते हे खरं, पण कुणी ठणकावून सांगत असेल की या जाळीतून काहीच येत नाही तर त्याला थ्रिप्सबद्दल विचारा.

अजून एक भानगड म्हणजे बऱ्याच जाळ्यांत उभे धागे ५० आणि आडवे २५ असे असतात, भोक चौकोनी न राहता लांबट होतं. यात फसवणूक नाही, कारण किडा आत शिरतो तेव्हा अडतो तो अरुंद बाजूला, आणि दुसरी बाजू मोकळी राहिल्याने हवा जास्त खेळते. फक्त धागे बोटाने सरकत नाहीत ना ते दुकानातच बघा, सरकत असतील तर मापाला काही अर्थ राहत नाही. आणि मेश मोजायला सर्टिफिकेट वगैरे नको, जाळी उजेडाकडे धरा, शाळेची पट्टी लावा, मोबाईलने झूम करून फोटो काढा आणि १ सेंटिमीटरमधले धागे मोजा. १६ च्या आसपास भरले तर ४० मेश, २० भरले तर ५०.

घरातली जुनी मच्छरदाणी चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. तिची भोकं मिलिमीटरहून मोठी असतात, त्यामुळे पांढरी माशी आणि मावा सोडून द्या, पण पतंग, फुलपाखरं, फळमाशी यांना ती अडवते. म्हणजे कोबी-फ्लॉवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग, वांग्यातली शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग, यांच्यासाठी मच्छरदाणीचं कापड वाईट नाही, फुकटात आहे तर वापरा. यूव्हीचं काही नसल्यामुळे एक-दोन उन्हाळ्यांत फाटतं, एवढंच.

आता मुळात इतका खटाटोप कशाला, औषध मारलं की झालं, असं वाटू शकतं. अळीच्या बाबतीत ते काही अंशी बरोबरही आहे, अळी पान खाते, औषध पोटात जातं, मरते, तोवर दोन पानं गेली तर गेली. पांढऱ्या माशीचं गणित तसं नाही. ती रस किती पिते हा प्रश्नच नाही, ती रस पिताना झाडात व्हायरस सोडते. टोमॅटोची पानं वरच्या बाजूला वळून, बारीक होऊन झाड खुरटतं तो लीफ कर्ल, भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात तो हळद्या, मिरचीचा चुरडा-मुरडा किंवा ज्याला आपल्याकडे बोकड्या म्हणतात त्यातला एक मोठा भाग, हे सगळं हिचंच काम (बोकड्यात थ्रिप्स आणि कोळी नावाची अगदी बारीक कीडसुद्धा भागीदार असतात, म्हणून मिरचीवाल्यांची डोकेदुखी तिप्पट). रोगट झाडावर १५ ते ३० मिनिटं बसून तिने रस प्यायला की व्हायरस तिच्या अंगात गेला, काही तास तो अंगातच फिरतो, आणि त्यानंतर ती जिवंत असेपर्यंत ज्या झाडावर बसेल तिथे तेवढ्याच वेळात लागण. फवारलेलं औषध पानाच्या रसात उतरलेलं असलं तरी ते तिने प्यायल्यावरच काम करणार ना, आणि प्यायली म्हणजे चावली. ती मेली, झाडही गेलं. मावा तर अजून घाईचा, त्याच्याकडून पसरणारे काही व्हायरस नुसत्या चव घेण्यात, काही सेकंदांत, एका झाडावरून दुसऱ्यावर जातात, तिथे कुठलं औषध वेळेत पोहोचणार.

आणि व्हायरसला औषध नाही. हे वाक्य दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरात लावायला पाहिजे, कारण दर सीझनला कुणीतरी व्हायरसवर हमखास इलाज म्हणून बाटली घेऊन येतोच आणि ती खपतेही.

लागण झाल्यावर पानं वळायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे तुम्हाला झाड बिघडलेलं दिसतं तेव्हा जे व्हायचं ते कधीच होऊन गेलेलं असतं, आणि तुम्ही आज फवारता ते मागच्या महिन्यातल्या माशीसाठी. म्हणून सगळ्यात महत्त्वाचे दिवस म्हणजे रोप उगवल्यापासूनचे पहिले ४०-४५. या काळात लागण झाली तर झाडाला फळ जवळजवळ लागतच नाही, फळं धरल्यावर झाली तर नुकसान होतं पण हातात काहीतरी येतं. पूर्ण शेताला जाळी परवडत नसेल तर निदान रोपं जाळीतली असली पाहिजेत असं जाणकार सांगतात ते याचसाठी. नारायणगाव-जुन्नरकडे टोमॅटोची रोपं नर्सरीतून ट्रेमध्येच घेतात, रोपं तीन आठवड्यांच्या आसपास तिथेच वाढलेली असतात, म्हणजे धोक्याचा अर्धा काळ नर्सरीवाल्याच्या हातात. रोपं बघायला जाल तेव्हा रोपांआधी त्याचं दार बघा. एकच पडदा आणि तोही दगड लावून उघडा ठेवलेला असेल तर रोपं कितीही हिरवीगार दिसोत, दुसरीकडे जा.

आपल्या जिल्ह्याला हे विषय नवीन नाहीत. टोमॅटोचं पान, शेंडा आणि फळ पोखरणारा टुटा अ‍ॅब्सोल्युटा नावाचा दक्षिण अमेरिकेतला पतंग भारतात पहिल्यांदा सापडला तो २०१४ मध्ये, पुण्यात. आणि २०२० च्या उन्हाळ्यात टोमॅटो धड पिकेनात, एकाच फळावर लाल-पिवळे-हिरवे पट्टे, लोकांनी तिरंगा व्हायरस म्हणून नाव ठेवलं, टोमॅटो खाल्ल्याने कोरोना होतो अशा बावळट अफवापण त्यातूनच उठल्या. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत नमुने तपासले तेव्हा कुकुंबर मोझॅकसकट काही व्हायरस सापडले. कुकुंबर मोझॅक पसरवतो मावा. माणसाला यातलं काहीच होत नाही, झाडांचे व्हायरस झाडांनाच.

मग सरळ सगळ्यात बारीक जाळी लावून मोकळं का होऊ नये? कारण भोक बारीक तशी हवा कमी. आतली गरम हवा बाहेर पडत नाही, पानांतून निघालेली वाफ आतच राहते, बाहेरच्यापेक्षा आत काही अंश जास्त तापतं. दिवसा ३५ अंशाच्या वर तापमान गेलं की टोमॅटोचे पराग नीट काम करत नाहीत आणि फुलं गळतात, आणि पुण्यात एप्रिल-मेमध्ये बाहेरच ३८-३९ असतं, तर ५० मेशच्या बुटक्या मांडवात काय होत असेल विचार करा. म्हणून इथल्या उन्हाळ्यात बारीक जाळी लावायची तर मांडव उंच हवा, डोक्यावर तीन-चार फूट मोकळी हवा राहील इतका, आणि ऐन उन्हाच्या आठवड्यांत वरून तात्पुरती पांढरी शेडनेट. पावसाळ्यात उलटा त्रास. मुळशी-मावळ साइडला तर जून ते सप्टेंबर पानं सुकतच नाहीत, जाळीतून पाऊस तुषार होऊन आत येतो, वारा येत नाही, आणि करपा आणि दमट ढगाळ हवेतली बाकीची बुरशी मजेत वाढते. बुरशीचे बीजाणू जाळीला दाद देत नाहीत, ते इतके बारीक असतात की त्यांच्यासाठी जाळी नसल्यासारखीच. तिकडे पावसाळ्यात टोमॅटो करायचा असेल तर वरून प्लास्टिक आणि बाजूला जाळी असाच मांडव लागतो. बारामती-इंदापूरकडे पाऊस कमी, तिथे नुसत्या जाळीवर निभतं. खरं सांगायचं तर पुण्याच्या हवेत नुसती जाळी सगळ्यात सुखात चालते ती ऑक्टोबर ते फेब्रुवारी, पहिल्यांदा करून बघणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी.

पुढचा प्रश्न मधमाश्यांचा, कारण जाळी माशी बघून मित्र-शत्रू ठरवत नाही. पालक, मेथी, कोथिंबीर, कोबी, फ्लॉवर यांना फळ धरायचंच नाही तेव्हा काही अडत नाही. टोमॅटो, मिरची, वांग्याच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, झाड वाऱ्याने हललं की पराग पडून काम होतं, फक्त जाळीत वारा कमी म्हणून सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ज्या सुतळीला झाड बांधलंय तिला टिचक्या मारत एक फेरी मारायची. वेलवर्गात मात्र खरी अडचण. काकडी, कारलं, दोडका, दुधी यांची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी (मादी फुलाच्या मागे चिमुकलं फळ आधीच दिसतं), आणि मधे कुणी ने-आण करायला नसेल तर ते चिमुकलं फळ पिवळं पडून गळतं. मग लोक म्हणतात खत कमी पडलं. एक तर फुलं येईपर्यंतच जाळी ठेवायची आणि मग काढायची, नाहीतर नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे करून मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचं. काकडी-कारल्याचं हे काम सकाळी, दोडका आणि दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात त्यामुळे त्यांचं तेव्हा. काकडीत परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या जातीही मिळतात, पॉलिहाऊसवाले त्याच लावतात, बी महाग आहे.

माझी आत्या धायरीला राहते, तिने गच्चीवर व्यवस्थित ५० मेशची जाळी लावली, पाइप वाकवून, चेन बसवून, आणि महिन्याभरात तिचा फोन.

"अरे, एवढी चेन लावून घेतली तरी मिरचीवर मावा कसा? बाहेरच्या कुंडीत नाही, आत आहे!"

"आत्या, रोपं कुठून आणलीस?"

"कोपऱ्यावरच्या नर्सरीतून. छान होती."

रोपांसोबत आला. मच्छरदाणीत एक डास आत राहिला की तो रात्रभर तुम्हालाच चावतो, बाहेर जाऊ शकत नाही, तसं हे. बाहेरच्या कुंडीवर मावा आला की दोन दिवसांत लेडीबर्ड, क्रायसोपा हा जाळीदार पंखांचा किडा, बारीक गांधीलमाश्या असे मावा खाणारे मित्रकिडे येऊन त्याचा समाचार घेतात, आत यांना प्रवेश नाही. आणि माव्याच्या मादीला नराची गरज नसते, अंडी घालायची भानगड नसते, ती सरळ जिवंत पिल्लं देते आणि ती पिल्लं आठवड्याभरात स्वतः पिल्लं द्यायला लागतात. एक मादी आत राहिली तरी पुरे. लाल कोळ्याचं तसंच, तो कपड्यांवरून, हातांवरून, वाऱ्याने येतो आणि गरम कोरड्या जाळीत त्याला कुणी विचारणारंच नसतं.

म्हणून रोप आत नेण्याआधी प्रत्येक पान उलटून बघायचं, खालची बाजू, कोवळ्या शेंड्याची घडी, देठाचा बेचका. पांढऱ्या माशीची पिल्लं पानाच्या मागे चपटी, फिकट, न हलणारी, खवल्यागत चिकटलेली असतात, झाड हलवून ती उडत नाहीत, त्यामुळे हलवून बघणारा फसतो. घरी आणलेली रोपं आठवडाभर वेगळी ठेवली तर अजून बरं. मातीतूनही येतात, थ्रिप्स, फळमाशी, टुटा हे कोष करायला बहुतेक मातीत उतरतात, म्हणजे मागच्या वर्षी जिथे टोमॅटो होता तिथेच जाळी ताणली तर तुम्ही त्यांना घर बांधून दिलंत. एप्रिल-मेमध्ये माती ओली करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी दाबून चार ते सहा आठवडे ठेवलं की वरच्या थरातलं बरंचसं मरतं, पुण्याचं ऊन त्यासाठी उत्तम. मल्चिंग पेपर, म्हणजे झाडाभोवती मातीवर अंथरायचं प्लास्टिक, घातला तरी मातीत उतरणं-चढणं अवघड होतं. आणि आत दोन-चार पिवळे आणि निळे चिकट सापळे टांगायचेच, पिवळ्यावर पांढरी माशी आणि मावा, निळ्यावर थ्रिप्स. हे सापळे कीड संपवत नाहीत, आत कोण शिरलंय ते कळवतात.

बांधणीत सगळी गोम कडांना आणि दाराला. जाळीची कड जमिनीत वीतभर खोल पुरायची, गच्चीवर वाळूच्या लांबट पिशव्या ठेवून दाबायची, विटांच्या मधे फट राहते. शेतातल्या मांडवाला दोन दारं, मधे माणूस आणि क्रेट मावेल एवढी जागा, पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, आणि हे सगळ्या मजुरांना पटवायचं हे जाळीपेक्षा अवघड काम आहे. पिवळा शर्ट घालून आत जाऊ नका, पांढरी माशी आणि मावा पिवळ्याकडे ओढले जातात, हे ऐकायला येडपट वाटतं पण खरं आहे. पान जाळीला टेकू द्यायचं नाही, टेकलं की पतंग बाहेर बसून भोकातून पानावर अंडी घालतो, कोबीवर हे फार दिसतं. आणि धूळ. रस्त्याकडेच्या प्लॉटवर दोन महिन्यांत भोकं बुजतात, वारा थांबतो, उजेड कमी होतो, पाइपने पाणी मारून धुवा. फाटलं तर त्याच दिवशी शिवा, करंगळीएवढं भोक पुरतं.

खर्च जास्त वाटत असेल तर क्रॉप कव्हर बघा. १७ जीएसएमचं (चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचं) ते पांढरं न विणलेलं कापड, कलिंगड-खरबुजावर आपल्याकडे बरेच शेतकरी वापरतात, बेडवर तारेच्या कमानी रोवून त्यावर अंथरतात आणि फुलं लागली की काढून टाकतात. धोक्याचे पहिले दिवस त्यात निघून जातात. बाल्कनीतल्या चार कुंड्यांनाही चालतं. कायमचं शेडनेट हाऊस करायचं असेल तर फलोत्पादन अभियानातून मंजूर खर्चाच्या ५० टक्के अनुदान आहे, अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, पण पूर्वसंमती मिळायच्या आत बांधकाम सुरू केलं तर अनुदान विसरा.

भेंडी, गवार, मेथी असल्या गोष्टींना मोठ्या क्षेत्रावर जाळी कुणी सांगितली तर मी दोनदा विचार करीन, भाव बघता पैसे निघत नाहीत. सिमला मिरची, टोमॅटो, परदेशी पालेभाज्या, रोपवाटिका, इथे निघतात. घरच्या गच्चीला हा हिशोब लागू नाही, तिथे मुलांना बिनफवाऱ्याची भाजी मिळाली की वसूल.

पीक संपलं की लोक जाळी उघडून टाकतात आणि वाळकी झाडं आतच ठेवतात, त्यावरची सगळी पिलावळ शेजारच्या नव्या लावणीवर जाते. उलट करायचं. झाडं, खाली पडलेली फळं आणि तण उपटून आतच पिशवीत भरून तोंड बांधायचं, पिशवी बाहेर न्यायची, आणि रिकामा मांडव बंद ठेवून दोन-तीन आठवडे थांबायचं. उरलेल्या माश्यांना आत खायला हिरवं काहीच नसेल तर त्या थोड्या दिवसांत मरतात आणि मातीतून उशिरा निघणारेही उपाशी राहतात. कोपऱ्यात घोळीसारखं एखादं तण नाहीतर टोमॅटोचं आपोआप उगवलेलं रोप राहिलं असेल तर मात्र तेवढ्यावर सगळे जगतात, तेव्हा दार लावायच्या आधी पाइपच्या बुंध्याशी, सांडपाण्याच्या कडेला आणि टाकीच्या मागे एकदा वाकून बघून घ्या.